मुंबईत लावणी सादर करताना: नऊवारीपासून मानधनापर्यंत

दादरच्या शिवाजी मंदिरात तिकीट लावून होणारा लावणीचा कार्यक्रम, गणेशोत्सवात एखाद्या गृहसंकुलाच्या आवारात बांधलेला मंच आणि एखाद्या कंपनीच्या वार्षिक समारंभातील वीस मिनिटांची हजेरी, या तिन्ही ठिकाणी लावणी तीच असली तरी तयारी वेगवेगळी करावी लागते. मुंबईत इतकी वर्षे मंचावर लावणी करताना जे शिकले, ते या क्षेत्रात नव्याने येणाऱ्या मुलींसाठी, आणि लावणी करणाऱ्या मुलांसाठीही, येथे लिहीत आहे. शृंगार हा लावणीचा प्राण आहे आणि त्याबद्दल संकोच बाळगण्याचे कारण नाही. मात्र त्या शृंगारातले किती प्रकट करायचे, किती राखून ठेवायचे आणि कोणत्या क्षणी नजर वळवून घ्यायची, हे ठरवण्याचा अधिकार नाचणाऱ्याकडेच राहिला पाहिजे. कपडा सुटेल ही धास्ती, पायाखाली हलणारी फळी, न ठरलेले मानधन यांपैकी एक गोष्ट जरी मनात घोळत असली तरी हा अधिकार हातून जातो, म्हणून पुढचा बराचसा मजकूर मंचावर जाण्यापूर्वीच्या कामांविषयी आहे.

सुरुवात नऊवारीपासून करावी. नऊ वार म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटर कापड, आणि ते सगळे कमरेवरच्या एका गाठीच्या भरवशावर असते. बाजारात मिळणारी शिवलेली नऊवारी पाच मिनिटांत चढवता येते आणि एका कार्यक्रमात चार वेळा वेश बदलायचा असेल तर तिला पर्याय नाही, हे मला मान्य आहे; तरी पहिले वर्षभर सराव नेसलेल्या लुगड्यातच करावा, असे माझे ठाम मत आहे. काष्टा किती ताणला म्हणजे मांडी घालून बसता येते, ओचा, म्हणजे पुढच्या निऱ्या, किती खोचला म्हणजे गिरकीत पुढे येत नाही, घोट्याच्या वर किती बोटे मोकळी ठेवली म्हणजे घुंगरू कापडात अडकत नाहीत, हे नेसून नाचल्यावरच शरीराला कळते, आणि ते कळल्यानंतरच शिवणाऱ्याला आपली मापे नीट सांगता येतात. रोजच्या सरावाला सुती लुगडे चांगले. पण कार्यक्रमात रेशमी शालू नेसायचा असेल तर निदान दोन तालमी त्याच शालूत कराव्यात, कारण सुती कापड अंगाला धरून राहते आणि रेशीम सरकते. आत गुडघ्यापर्यंतची घट्ट, गडद किंवा साडीच्या रंगाची सायकलिंग शॉर्ट्स असावी. काष्टा खोचून झाल्यावर तो दोन मोठ्या पिनांनी आणि त्याशिवाय सुईदोऱ्याच्या चार टाक्यांनी पक्का करावा, कारण नुसती पिन ताणाने वाकते, उघडते आणि खाली बसताना टोचते. कंबरपट्टा सर्वांत शेवटी आणि श्वास पूर्ण आत घेऊन बांधावा. पोट आत ओढून बांधलेला पट्टा दुसऱ्याच कडव्यात दम तोडतो. पदर खांद्यावर एकाच ठिकाणी पिनेने धरावा आणि पुढचे टोक मोकळे ठेवावे, म्हणजे ते डोक्यावर घेता येते, दातांत धरता येते, मुठीत चुरगाळता येते.

हे टाक्यांचे शहाणपण मला अनुभवानेच आले. माझ्या दुसऱ्या हंगामात एका मंडळाच्या कार्यक्रमात गिरकी घेताना काष्ट्याचे टोक कमरेतून सुटू लागले. मी ढोलकीवाल्या काकांकडे पाहिले, त्यांनी काय ते ओळखून लय उतरवली, आणि मी जागीच बैठक मारून उरलेले कडवे डोळ्यांवर, भुवयांवर आणि हाताच्या बोटांवर पूर्ण केले. लोकांना ते ठरवून केल्यासारखे वाटले. त्या दिवसापासून दोन गोष्टी मी सोडलेल्या नाहीत: सुईदोरा आणि बैठकीच्या लावणीचा सराव.

बैठकीच्या लावणीविषयी थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे, कारण आजच्या मंचीय लावणीत उड्या, गिरक्या आणि ठेके वाढले आहेत आणि अदा, म्हणजे नजरेचे व चेहऱ्याचे हावभाव, मागे पडत चालली आहे, याची मला मनापासून खंत वाटते. बैठकीच्या लावणीसाठी ओळखल्या जाणाऱ्या वाईच्या यमुनाबाई वाईकर (१९१५–२०१८) यांना २०१२ साली पद्मश्री मिळाली. बसून, गात, एकच ओळ पुन्हा पुन्हा घेत प्रत्येक वेळी तिचा वेगळा अर्थ दाखवणे ही त्या परंपरेची खरी कसोटी आहे. याचा सराव घरी आरशासमोर करता येतो आणि त्यासाठी लावणीच लागते असेही नाही. ‘आज उशीर केलात?’ एवढे साधे वाक्य घ्यावे आणि ते रागाने, लटक्या रागाने, काळजीने, संशयाने आणि शेवटी सगळे माफ केल्यासारखे, असे पाच प्रकारे केवळ चेहऱ्याने बोलावे. त्यानंतर तेच पाच भाव मान न हलवता फक्त डोळ्यांनी, आणि मग पाठमोरे उभे राहून फक्त खांद्यांनी व मानेच्या मुरक्याने दाखवावेत. पाठमोऱ्या सरावात पहिले काही आठवडे काहीच जमत नाही. घरातल्या कोणाला तरी मागे बसवून ‘आता मी काय म्हटले?’ असे विचारत राहावे.

शब्दांचा अर्थ कळल्याशिवाय हावभाव बसवू नयेत. होनाजी बाळा, राम जोशी, सगनभाऊ यांच्या पेशवाईच्या काळातील रचना करायच्या असतील तर त्यांतले कित्येक शब्द आज वापरात नाहीत, त्यामुळे जाणकाराकडून अर्थ समजून घेऊन तो वहीत ओळीखाली लिहून ठेवावा. नजर कोठे ठेवायची, हा प्रश्न नव्या मुली हमखास विचारतात. एका व्यक्तीकडे दोन-तीन मात्रांपेक्षा, म्हणजे तालाच्या ठोक्यांपेक्षा, अधिक काळ पाहू नये. तिसऱ्या-चौथ्या रांगेतील एखादी बाई, बाल्कनीचा कठडा आणि उजवीकडचा शेवटचा कोपरा अशी तीन ठिकाणे आधीच मनाशी ठरवावीत आणि नजर त्यांच्यामध्ये फिरवावी. प्रत्येकाला आपल्याकडेच पाहिल्यासारखे वाटते आणि प्रत्यक्षात आपण कोणाच्याच नजरेत अडकत नाही. पुढच्या रांगेत बायका बसल्या असतील तर त्यांच्याशी अवश्य संवाद साधावा. त्या लावणीचा रोख चटकन ओळखतात, आणि त्या हसल्या की सभागृहाचा नूर बदलतो.

आता पायांकडे वळू. घुंगरू पहिल्याच दिवशी शेकड्याने बांधू नयेत. एका पायाला पन्नासांपासून सुरुवात करून काही महिन्यांत शंभरापर्यंत आणि पुढे जावे, कारण ते वजन घोट्यापेक्षा पोटरीच्या आणि नडगीच्या स्नायूंवर अधिक येते. दोरीत ओवलेले घुंगरू असोत वा चामड्याच्या पट्ट्यावर शिवलेले, त्वचेवर थेट बांधू नयेत. खाली सुती पट्टीचे दोन वेढे द्यावेत आणि गाठ घोट्याच्या बाहेरच्या बाजूला घ्यावी, म्हणजे दुसऱ्या पायाला ती घासत नाही. नडगीत दोन-तीन दिवस टिकणारी ठणक असेल तर ठेक्याचा सराव थांबवून अदेचा सराव करावा. ती दुखणी अंगावर काढून पाय कायमचे गमावलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. कार्यक्रमाच्या दिवशी जेवण दोन तास आधी उरकावे, आणि मुंबईच्या दमट हवेत शालू, दागिने, खोपा यांच्या आत घाम किती जातो हे ध्यानात घेऊन विंगेत लिंबू-मीठ-साखरेचे पाणी ठेवावे.

नाट्यगृहातील लाकडी रंगमंचाची फारशी काळजी नसते. मंडपातील मंच मात्र आपण स्वतः, अनवाणी, उजेड असताना चालून पाहिल्याशिवाय स्वीकारू नये. प्लायवुडचे जोड कोठे उचललेले आहेत, गालिचाखाली खिळे आहेत का, कोणती फळी दबते, हे पाहून तेथे पांढऱ्या खडूने किंवा टेपने खूण करावी. गणेशोत्सव पावसाळ्यात येतो, आणि ओले प्लायवुड, अनवाणी पाय, पायात धातूचे घुंगरू आणि शेजारून गेलेली उघडी वायर ही जिवावर बेतणारी मांडणी आहे. मंच ओला असेल किंवा वायर मंचावरून गेली असेल, तर इलेक्ट्रिशियनने ती हलवल्याशिवाय आणि मंच पुसून कोरडा केल्याशिवाय घुंगरू बांधू नयेत, मग निवेदकाने कितीदा नाव पुकारले तरी चालेल.

संगीताबाबत माझा आग्रह जिवंत ढोलकीचा असतो. केरवा आठ मात्रांचा आणि दादरा सहा मात्रांचा, एवढे तरी हाताने टाळी देऊन मोजता आले पाहिजे, म्हणजे ढोलकीवाल्याला ‘येथे लय चढवा’, ‘येथे सम (तालाची पहिली मात्रा) सोडून थांबा’ असे नेमके सांगता येते. तालमीत त्यांच्याशी दोन खुणा पक्क्या कराव्यात, एक लय उतरवण्याची आणि एक लवकर संपवण्याची. आयोजकांना खर्च परवडत नसल्याने ट्रॅकवर नाचावे लागले, तर फाइल पेनड्राइव्हवर आणि दोन फोनवर ठेवावी, साउंडवाल्यासमोर सुरुवातीपासून शेवटापर्यंत वाजवून पाहावी आणि फोनवरून वाजवणार असाल तर तो विमान मोडवर टाकावा. खुल्या जागेत रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला बंदी आहे. सणासुदीच्या ठरावीक दिवशीच राज्य शासन ती मध्यरात्रीपर्यंत शिथिल करते. म्हणून आपला क्रम साडेनऊनंतर लावला असेल तर त्या दिवशी सूट आहे का, हे आधीच विचारावे, नाहीतर ऐन रंगात आवाज बंद होतो.

रंगभूषेबद्दल एवढेच सांगते की बेस पातळ थरांत लावावा, प्रत्येक थरानंतर पावडर द्यावी आणि घाम रुमालाने पुसू नये, टिपावा. नकली दागिने भुलेश्वरला आणि गजरे दादरच्या फुलबाजारात चांगले मिळतात. गजरे सकाळीच घेऊन ओल्या सुती फडक्यात गुंडाळावेत. नथ आणि बुगडी दाबाची असली तरी दोऱ्याने बांधून घ्यावी.

सुपारी, म्हणजे कार्यक्रमाचे काम, घेताना भीड बाळगू नये. किती लावण्या, किती वेश, किती मिनिटे, वाद्यवृंद कोणाचा, येण्याजाण्याचे वाहन कोणाचे आणि नाइट, म्हणजे एका कार्यक्रमाचे मानधन, किती, हे सगळे व्हॉट्सअॅपवर का होईना, पण लिखित स्वरूपात घ्यावे. निम्मी रक्कम तारीख ठरताना आणि उरलेली मेकअपला बसण्यापूर्वी, हा नियम मी ओळखीच्या माणसांसाठीही मोडत नाही. कार्यक्रम संपल्यावर एका आयोजकाने मला ‘उद्या देतो’ असे सांगितले, आणि तो उद्या आलाच नाही. टीडीएस कापला असेल तर त्याचे प्रमाणपत्र मागावे. दौलतजादेविषयी, म्हणजे प्रेक्षक नाचणाऱ्याला देतात त्या पैशांविषयी, आधीच स्पष्ट बोलावे: बक्षीस निवेदकाकडे द्यायचे, मंचावर कोणीही चढायचे नाही, आणि कोणी चढलेच तर संगीत थांबेल व मी विंगेत जाईन. हे वाक्य आयोजकांकडून निवेदकाला सुरुवातीलाच माइकवर बोलायला लावावे. त्याने कार्यक्रमाचा रंग उतरतो, अशी तक्रार मी ऐकलेली आहे. माझ्या अनुभवात तसे कधी झाले नाही.

कायद्याची थोडी माहिती जवळ असावी. नाट्यगृहातील प्रयोगाच्या संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र आणि कार्यक्रमाला पोलिसांची परवानगी घेणे हे आयोजकांचे काम असले, तरी दोन्हींची छायाप्रत आपल्या फोनमध्ये ठेवावी. सार्वजनिक ठिकाणी इतरांना उपद्रव होईल अशा अश्लील कृत्याबद्दल १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम २९६ लागू आहे आणि त्यात तीन महिन्यांपर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. कोणी या कलमाची भीती घालून पैसे मागू लागला तर वाद न घालता परवानगीची प्रत दाखवावी आणि आयोजकांना पुढे करावे. कपडे बदलण्याची खोली कडी लागणारी नसेल तर कार्यक्रम स्वीकारू नये. तेथे शिरल्यावर आधी दिवा बंद करून भिंती, खिडक्या, झरोके नीट पाहावेत. कपडे बदलताना चोरून पाहणे किंवा चित्रण करणे हा न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे. आयोजक किंवा सहकारी यांच्याकडून लैंगिक छळ झाला आणि त्या ठिकाणी अंतर्गत समिती नसेल, तर २०१३ च्या कायद्याप्रमाणे जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार करता येते. तातडीच्या मदतीसाठी ११२ आणि मुंबई पोलिसांचा १०३ हे क्रमांक फोनमध्ये साठवलेले असावेत.

रविवारचा कार्यक्रम असेल तर लोकलचा मेगाब्लॉक कोणत्या मार्गावर आहे हे शनिवारीच पाहावे. परतीचे वाहन आयोजकांचे असले तरी आपल्या संचातील दोघी एकत्र निघाव्यात आणि घरच्यांना गाडीचा क्रमांक कळवावा.

प्रत्येक कार्यक्रमाची जाहिरात, हस्तपत्रिका, वर्तमानपत्रातील कात्रण आणि प्रमाणपत्र एका फाइलमध्ये तारखेनुसार लावून ठेवावे. लालबागच्या हनुमान थिएटरात गिरणगावासमोर नाचलेल्या पिढीतील कित्येक बायकांकडे आपल्या कामाचा एकही कागद उरला नाही, आणि राज्य शासनाच्या ज्येष्ठ कलावंतांसाठीच्या मानधन योजनेत कामाचे पुरावे मागितले जातात. विशीत ही फाइल निरर्थक वाटते. तरीही पहिल्या कार्यक्रमापासूनच ती सुरू करावी.

घरी आल्यावर कितीही दमलेले असलो तरी तीन कामे उरकूनच झोपावे. पाय कोमट मिठाच्या पाण्यात ठेवून पोटऱ्या खालून वर चोळाव्यात, घुंगरू कोरड्या फडक्याने पुसून वाऱ्यावर टांगावेत, आणि शालूतील टाके उसवून, पिना मोजून, तो घडी न घालता दोरीवर पसरून ठेवावा.