कॉर्व्हेटचा डावा दिवा उघडेना

१९६९ ची शेव्हरले कॉर्व्हेट स्टिंगरे, टप उघडणारी. रिस्टोअर झालेली, विकायला काढलेली, आणि गाडीच्या नाकात लपणाऱ्या हेडलाइटांपैकी डावा वर येताना अर्ध्यावरच अडकायचा. मेकॅनिकनं आधी दिवा उचलणारी मोटर शोधली. पण ती १९६७ पर्यंतच्या मॉडेलांत होती. १९६८ पासून इंजिनच्या इनटेक मॅनिफोल्डमधला (हवा आत घेणाऱ्या भागातला) व्हॅक्यूम, म्हणजे हवेची ओढ, रबरी नळ्यांतून जाऊन दिवे उचलतो. कल्पना झकास, पण पन्नास वर्षांच्या रबराचं काय?

गेज असलेला व्हॅक्यूमचा हातपंप घेऊन एकेक भाग वेगळा तपासला. रिले (व्हॅक्यूम दिव्यांकडे सोडणारी झडप) ठीक, व्हॅक्यूम साठवणारी टाकी ठीक. दिवा उचलणाऱ्या डाव्या ॲक्च्युएटरवर मात्र गेजचा काटा टिकेचना. दांड्याभोवतीचं सील चिरलं होतं. ते बदललं, कडक झालेल्या नळ्याही बदलल्या. त्यांच्यावर रंगीत रेघा असतात, तरी एका वेळी एकच नळी काढा, नाहीतर जोडताना तासभर डोकं खाजवाल.

आता दोन्ही दिवे एकदम उठतात. अशी गाडी घ्यायला गेलात, तर इंजिन बंद करायला सांगा, थोडं थांबा आणि मग दिव्यांचा स्विच ओढा. टाकीतल्या साठ्यावर दिवे उघडले नाहीत, तर कुठेतरी गळती आहे. किंमत बोलताना तेवढं धरा.