फिडोनेटच्या टपालाला टीएलएसचं कवच

टॉम जेनिंग्जने १९८४ मध्ये फिडोनेट हे संगणकी बुलेटिन बोर्डांचं टपालजाळं सुरू केलं तेव्हा हे बोर्ड एकमेकांना मोडेमवरून फोन लावायचे. आता टपाल बहुतेक इंटरनेटवरून, बिंकपी या प्रोटोकॉलने, पोर्ट २४५५४ वर जातं, आणि उघडंच जातं. क्रॅम-एमडी५ ही ओळख तपासायची पद्धत पासवर्ड झाकते, टपाल नाही. बिंकपीने टपाल नेणाऱ्या बिंकडी या प्रोग्रॅममध्ये ‘क्रिप्ट’ पर्याय आहे खरा, पण त्याचं कुलूप जुन्या झिप फायलींच्या धाटणीचं. त्यावर विसंबू नका.

आधी टपाल घेणारी बाजू. बिंकडीला हात लावायची गरज नाही, त्याच्यासमोर एसटनेल बसवा, म्हणजे जोडणीला टीएलएसचं सांकेतिक कवच चढवणारा प्रोग्रॅम. त्यासाठी लागणारं, तुमच्या डोमेनची ओळख पटवणारं प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्टकडून फुकट मिळतं. एसटनेलला तीनच गोष्टी सांगायच्या: पोर्ट २४५५३ वर ऐक, प्रमाणपत्र आणि किल्ली इथे आहेत, उलगडलेला मजकूर याच मशीनच्या २४५५४ ला दे. फायरवॉलमध्ये २४५५३ उघडा. प्रमाणपत्राचं नूतनीकरण झालं की एसटनेलला ते पुन्हा वाचायला लावा, नाहीतर ते जुनंच दाखवत बसेल. आणखी एक: आता प्रत्येक कॉल बिंकडीला स्वतःच्याच मशीनवरून आल्यासारखा दिसेल. आयपी पाहून कुणाला आत घ्यायचं ठरवत असाल तर ती तपासणी इथे निकामी होते. सेशन पासवर्ड हवाच.

पाठवणाऱ्या बाजूला, बिंकडीच्या सेटिंगमधल्या समोरच्या नोडच्या (बोर्डाच्या) ओळीत ‘पाइप’ पर्याय वापरून ओपनएसएसएलचा एस-क्लायंट (टीएलएस जोडणी लावणारं साधन) जोडा आणि पोर्ट २४५५३ द्या. ‘क्वाएट’ विसरू नका. त्याशिवाय ओळीच्या सुरुवातीला आलेलं एखादं अक्षर एस-क्लायंट आज्ञा समजतो आणि सेशन मध्येच तुटतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, प्रमाणपत्र खोटं निघालं तरी एस-क्लायंट मुकाट पुढे जातो. ‘व्हेरिफाय रिटर्न एरर’ आणि ‘व्हेरिफाय होस्टनेम’ दिल्यावरच तो थांबतो. बरेच जण इथेच आळस करतात. सिंक्रोनेट हे बोर्ड-सॉफ्टवेअर वापरत असाल तर ही खटपट नको, त्याच्या बिंकइट या टपाल-प्रोग्रॅममध्ये टीएलएसची सोय आहे.

चाचणीसाठी दुसऱ्या मशीनवरून एस-क्लायंटने २४५५३ ला जोडून पाहा. बोर्डाचं आणि सिसऑपचं (बोर्ड चालवणाऱ्याचं) नाव उमटलं, की बोगदा आरपार झाला. मग अपलिंकच्या (ज्या नोडकडून तुम्हाला टपाल येतं त्याच्या) सिसऑपला कळवा.

हे कवच फक्त दोन नोडमधल्या टप्प्यापुरतं. वाटेतल्या प्रत्येक नोडवर नेटमेल, म्हणजे फिडोनेटचं खाजगी टपाल, उघडंच असतं, तिथला सिसऑप ते वाचू शकतो. खाजगी पत्र थेट त्या माणसाच्या नोडला कॉल करून द्या. सांकेतिक करून वाटेतल्या नोडमार्फत पाठवायचं असेल, तर फिडोनेटच्या धोरणानुसार आधी त्या सगळ्यांची परवानगी लागते.