लेण्यांवर लिहिताय? विहारांबद्दलच्या या चुका टाळा

हिवाळा लागला की लेण्यांच्या सहली सुरू होतात आणि त्यामागोमाग लेण्यांवरचे लेख. मीही बरेच लिहिलेत. त्यातले सुरुवातीचे आज वाचले की कानशिलं तापतात. "डोंगराच्या कुशीत, जगाच्या कोलाहलापासून दूर" हे वाक्य मी निदान चार लेण्यांना तरी चिकटवलं होतं. चारही ठिकाणी ते चूक होतं.

नकाशा काढून बघा. कार्ले, भाजे, बेडसे ही बोरघाट चढून आल्याबरोबर लागतात. जुन्नरची लेणी नाणेघाटाच्या वाटेवर, नाशिकची थळघाटाच्या वाटेवर. कान्हेरी एका बाजूला सोपारा आणि दुसऱ्या बाजूला कल्याण अशा दोन बंदरांच्या मध्ये. बैलांचे तांडे जिथून जायचे तिथेच विहार आहेत. कार्ल्याच्या चैत्यगृहातल्या खांबांवर धेनुकाकट गावच्या यवनांची, म्हणजे ग्रीकांची, नावं आहेत, आणि "जंबुद्वीपात उत्तम" असं हे शैलगृह पुरं केल्याचं श्रेय वैजयंतीच्या, म्हणजे कर्नाटकातल्या बनवासीच्या, भूतपाल शेठीने घेतलंय. जगापासून तुटलेल्या जागी इतक्या लांबचे लोक पैसे द्यायला येत नाहीत.

तिथेच दुसरी चूक उरकून घेऊ. कार्ल्याची ती भव्य कमानदार वास्तू विहार नव्हे. ते चैत्यगृह, पूजेची जागा. विहार म्हणजे मधल्या दालनाभोवती भिक्खूंच्या खोल्या आणि खोल्यांत झोपायचे दगडी ओटे. शंका आली तर ओटा शोधा. लेण्याद्रीला गिरिजात्मजाच्या दर्शनाला जाणारे हजारो लोक खरं तर एका मोठ्या विहारातच उभे असतात. रांगेत असताना भिंतीतल्या खोल्यांकडे बघायचं मात्र राहून जातं.

"ही लेणी सातवाहनांनी खोदली" हे वाक्यही सरसकट लिहू नका. जुन्नरला धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने, म्हणजे व्यावसायिक संघाने, सात खोल्यांचं लेणं आणि पोढी, म्हणजे पाण्याचं टाकं, दिलीय. नाशिकचं आठव्या क्रमांकाचं लेणं मुगुदास नावाच्या कोळ्याचं दान मानतात. राजे होतेच, पण रांगेत.

आता सगळ्यात चिवट चूक: राजाने विहाराला दान दिलं, म्हणजे राजा बौद्ध झाला. नाशिकच्या तिसऱ्या लेण्यातल्या गौतमी बलश्रीच्या लेखात तिच्या मुलाला, गौतमीपुत्र सातकर्णीला, "एकबम्हण", म्हणजे अद्वितीय ब्राह्मण, म्हटलंय. हा लेख बौद्ध विहारात कोरलाय आणि ते लेणंच बलश्रीने भदावनीय पंथाच्या भिक्खूंना दिलंय. सातवाहनांच्याच घरातल्या नागनिकेचा नाणेघाटातला लेख अश्वमेध आणि इतर यज्ञांच्या दक्षिणा मोजतो. (ते नाणेघाटातलं लेणंही विहार नाही बरं का.) सातवाहनांच्या शत्रुपक्षातही तेच. क्षहरात घराण्यातल्या नहपान राजाचा जावई उषवदात नाशिकच्या लेखात ब्राह्मणांना दिलेल्या तीन लाख गायी अभिमानाने सांगतो आणि त्याच लेखात भिक्खूंसाठी लेणं खोदल्याचंही सांगतो. याला धर्मांतर म्हणणं म्हणजे आमदाराने उरुसाला आणि जत्रेला दोन्हीकडे वर्गणी दिली म्हणून त्याचा धर्म ठरवण्यासारखं आहे.

नाशिकच्या दहाव्या लेण्यातले याच उषवदाताचे लेख वही-पेन घेऊन वाचा. "भिक्खू पैशाला शिवत नसत" असं लिहायची सवय तिथे सुटते. त्याने ३००० कार्षापण (तेव्हाची नाणी) कायम ठेव म्हणून, म्हणजे अक्षयनीवी म्हणून, नाशिकजवळच्या गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे ठेवले. २००० एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक व्याजाने. १००० दुसरीकडे, पाऊण टक्क्याने. मुद्दलाला हात लावायचा नाही, फक्त व्याज वापरायचं. पावसाळा या लेण्यात काढणाऱ्या वीस भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा. हिशोब करून बघा: २००० वर महिना २०, वर्षाला २४०. आणि वीस गुणिले बारा? २४०. एक नाणं इकडचं तिकडे नाही. हजाराचं व्याज किरकोळ खर्चाला. हे सगळं निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, वाचून दाखवलं आणि नोंदवलं, असंही लेख सांगतो. याशिवाय भिक्खूंच्या अन्नासाठी त्याने एक शेत दिलं. ते स्वतःच्या मालकीचं नव्हतं, अश्विभूती नावाच्या ब्राह्मणाकडून ४००० कार्षापणांना विकत घेतलं होतं. राजाच्या जावयाने जमीन बळकावली नाही, पैसे मोजले आणि ते मोजल्याचं भिंतीवर कोरून ठेवलं.

सन-संवतांबद्दल थोडक्यात: लेखात "संवत्सर ४२" किंवा "वर्ष १८" दिसलं की लगेच इसवी सनात रूपांतर करून मोकळे होऊ नका. सातवाहनांच्या लेखांतली वर्षं राज्याभिषेकापासून मोजलेली असतात आणि नहपानाच्या आकड्यांवर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. पहिलं-दुसरं शतक म्हणा, पुरे.

शेवटाबद्दलची चूकही ठरलेली. शंकराचार्य आले आणि विहार ओस पडले, असं एका ओळीत लिहून टाकतात. शंकराचार्यांचा पारंपरिक काळ ७८८ ते ८२०. कान्हेरीला त्यानंतर, ८५३ च्या सुमारास, राष्ट्रकूट अमोघवर्ष आणि त्याचे मांडलिक शिलाहार यांच्या राज्यात, गौड देशाहून म्हणजे बंगालकडून आलेल्या अविघ्नाकराने १०० द्रम्मांची, म्हणजे तेव्हाच्या नाण्यांची, ठेव ठेवलीय. ओस पडलेल्या जागी व्याजाची ठेव कोण ठेवेल? विहार विझले ते सगळे एकदम नव्हे, आणि एकाच कारणानेही नव्हे.

आणि आता ज्याच्यासाठी हा लेख लिहायला बसलो ते. विहार राजकारणाबाहेर होते असं समजू नका, आणि राजाच्या हातातलं बाहुलं होते असंही नको. गौतमीपुत्राने नहपानाचा पाडाव केला. नाशिकजवळ जोगळटेंभीला १९०६ मध्ये नहपानाच्या १३ हजारांहून जास्त चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. त्यातल्या ९ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्राने स्वतःचा छाप मारलेला आहे. नाण्यांवर छाप मारणारा हा राजा विहारांचं काय करतो? कार्ल्याला उषवदाताने वलूरकच्या (कार्ल्याच्या लेण्यांचं जुनं नाव) भिक्खूंना करजिक गाव दिलं होतं. सातवाहनांच्या राज्यात तेच गाव त्याच भिक्खूंना नव्याने दिल्याचा हुकूम तिथेच कोरलेला आहे. मालक बदलला, सातबारा नव्याने झाला, कूळ तेच राहिलं.

नाशिकला याहून बारीक तपशील मिळतो. तिसऱ्या लेण्याच्या ओसरीखाली धिप्पाड यक्ष अख्ख्या ओसरीचा भार खांद्यावर घेऊन बसलेत. त्यांना ओलांडून वर गेलं की भिंतीवर राजाचा हुकूम. वर्ष १८, विजयी सैन्याच्या तळावरून गोवर्धनच्या अमात्याला: अपरकखडी गावातलं, आजवर उषवदाताने उपभोगलेलं २०० निवर्तनांचं (जमिनीचं जुनं माप) शेत आम्ही त्रिरश्मीच्या, म्हणजे याच लेण्यांच्या डोंगरावरच्या, भिक्खूंना देतो. त्यात कुणी शिरायचं नाही, मिठासाठी खणायचं नाही, जिल्ह्याच्या अधिकाऱ्याने ढवळाढवळ करायची नाही. शत्रूच्या जावयाची जमीन, छावणीतून निघालेला हुकूम आणि लाभ त्याच डोंगरावरच्या भिक्खूंना. जिंकलेल्या मुलखात आपलं राज्य सुरू झाल्याची द्वाही फिरवायची तर यापेक्षा चांगली जागा कुठली?

पण खाली अजून एक हुकूम आहे, वर्ष २४ चा. सहा वर्षांनी. हा राजा आणि राजमाता दोघांच्या नावे, तेव्हाच्या अमात्याला, श्यामकाला. कखडी गावातलं जे शेत दिलं होतं, "तं च खेतं न कसते, सो च गामो न वसति." भाषांतराची गरजच नाही, आपण अजूनही शेत कसतोच. लढाईने उठलं असेल वा आणखी कशाने, गावच नांदत नव्हतं. सहा वर्षं भिक्खूंच्या नावावर नुसतं पडीक रान. तेव्हा नगराच्या शिवेवरच्या राजाच्या खास जमिनीतून दुसरं शेत द्या, असा हुकूम निघाला. आता २०० नव्हे, १०० निवर्तनं. सवलती मात्र पहिल्यासारख्याच.