घरातली एअरशिपची आठवण कशी उतरवून घ्यायची, तपासायची आणि जपायची

माझे आजोबा, म्हणजे आईचे वडील, कराचीत वाढले. फाळणीआधी तिकडे मराठी घरं बऱ्यापैकी होती आणि १९३६ पर्यंत सिंध मुंबई इलाख्यातच होता, त्यामुळे त्यांच्या वडिलांची बदली कराचीला झाली तर कुणाला त्याचं विशेष वाटायचं नाही. आजोबा दर मे महिन्याच्या सुट्टीत आम्हाला सांगायचे की मी लहान असताना कराचीला आगबोटीएवढं विमान आलं होतं, चांदीसारखं चमकणारं, आणि ते ठेवायला इंग्रजांनी गावाबाहेर अवाढव्य काळं छप्पर बांधलं होतं. आम्ही गच्चीवर गाद्या घालून झोपायचो आणि मी आकाशात ते विमान शोधायचे.

पुढे लग्न होऊन कॅलिफोर्नियात आले, सनीव्हेलजवळ, आणि पहिल्याच आठवड्यात १०१ नंबरच्या हायवेवरून जाताना मॉफेट फील्ड या जुन्या हवाई तळावरचा हँगर वन, म्हणजे एअरशिप ठेवायची शेड, दिसला. ११३३ फूट लांब, ३०८ फूट रुंद, जवळजवळ २०० फूट उंच. मी नवऱ्याला म्हटलं अरे हे तर आजोबांचं काळं छप्पर! त्याला काहीच कळलं नाही, पण मला त्या दिवसापासून जो नाद लागला तो आजपर्यंत सुटलेला नाही. हा हँगर अमेरिकन नौदलाच्या मेकन नावाच्या एअरशिपसाठी, म्हणजे हलक्या गॅसवर तरंगणाऱ्या आणि इंजिनांनी चालणाऱ्या प्रचंड हवाई जहाजासाठी बांधलेला, आणि आमच्या शेजारच्या आजींचे वडील त्याच मेकनच्या ग्राउंड क्रूमध्ये होते, दोर धरणाऱ्यांत. म्हणजे दोन घरच्या दोन आठवणी माझ्यासमोर आल्या आणि दोन्हींवर काम करताना जे शिकले ते इथे सांगते. तुमच्या सासरी-माहेरी, शेजारी, ऑफिसात कुणाकडे अशी गोष्ट असेल तर उपयोग होईल.

सगळ्यात आधी रेकॉर्ड करा, तपासायचं नंतर. फोन समोर ठेवा, परवानगी घ्या, सुरुवातीलाच तारीख आणि बोलणाऱ्याचं नाव स्वतःच्या आवाजात बोलून ठेवा. आजोबांचं बोलणं मामाने १९८७ साली कॅसेटवर घेतलं होतं पण त्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं, नाट्यगीतांच्या कॅसेटींच्या ढिगात ती सापडायला मला वर्ष लागलं आणि तोवर सुरुवातीच्या भागाला बुरशी लागली होती. ते दोन-तीन मिनिटांचं बोलणं गेलं ते गेलंच, त्याचं मला आजही वाईट वाटतं.

प्रश्न विचारताना "कुठलं एअरशिप होतं" असं विचारू नका, कारण माणूस नाव आठवायच्या मागे लागतो आणि मग नंतर पुस्तकात वाचलेलं किंवा टीव्हीवर बघितलेलंच सांगायला लागतो. त्यापेक्षा विचारा की तुम्ही उभे कुठे होतात, सोबत कोण होतं, शाळा होती की सुट्टी, आवाज कसा होता, सावली पडली का, थंडी होती का. कागद द्या आणि जागा काढून दाखवायला सांगा. आणि आधी फोटो दाखवायचे नाहीत, अजिबात नाही! एकदा फोटो बघितला की आठवणीत तोच फोटो शिरतो आणि मग खरं काय होतं ते वेगळं काढता येत नाही. शेजारच्या आजींकडे मी हीच चूक केली, पहिल्याच भेटीत मेकनचा फोटो लॅपटॉपवर उघडून दिला, आणि त्यानंतर त्या वडिलांनी काय सांगितलं ते सोडून फोटोत काय दिसतंय तेच सांगत राहिल्या.

बोलणं मिळालं की तारखांची जाळी लावा. मेकन सनीव्हेलला आलं ऑक्टोबर १९३३ मध्ये आणि समुद्रात गेलं १२ फेब्रुवारी १९३५ ला, म्हणजे फक्त सोळा महिने. म्हणून इथलं कुणी म्हणालं की युद्धाच्या काळात मी मेकन बघितलं तर ते मेकन नाही, पण म्हणून ते खोटंही नाही, १९४२ नंतर मॉफेटवरून नौदलाचे के-टाइप ब्लिंप, म्हणजे आत सांगाडा नसलेली छोटी एअरशिपं, पाणबुड्या शोधायला जायचे आणि लहान मुलाला अडीचशे फुटांचा ब्लिंपसुद्धा प्रचंडच वाटणार. कुणी सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या डेली सिटीचं असेल आणि रस्त्यावर ब्लिंप पडल्याचं सांगत असेल तर ती गोष्ट पूर्ण खरी आहे, १६ ऑगस्ट १९४२, ब्लिंपचं नाव एल-८, आत एकही माणूस नव्हता आणि गस्तीवर गेलेल्या दोघांचं काय झालं ते आजपर्यंत कळलं नाही. ओहायोच्या घरांत १९२५ मध्ये पडलेलं शेनान्डोआ नावाचं एअरशिप निघतं, न्यू जर्सीकडे लेकहर्स्टच्या तळावरची ॲक्रन आणि लॉस एंजेलिस ही एअरशिपं. गाव आणि साल एवढं पक्कं केलंत तरी अर्धं काम झालं.

फोटो असेल तर नाव शोधायच्या आधी आकार बघा. पोट मऊ, घडीव सांगाडा नाही, खाली एकच केबिन आणि तिला दोन इंजिनं असतील तर तो ब्लिंप. लांबलचक, पैलू पडल्यासारखं अंग आणि इंजिनांच्या शेंगा बाहेर लटकलेल्या असतील तर शेनान्डोआ, लॉस एंजेलिस किंवा जर्मन ग्राफ झेपेलिन. आणि अंगावर प्रत्येक बाजूला चार उभे काळपट पट्टे दिसले, इंजिन कुठे दिसतच नाही, नुसते पंखे बाहेर आलेले, तर ते ॲक्रन किंवा मेकन, दुसरं काही असूच शकत नाही. ते पट्टे म्हणजे रंग नाही हं. इंजिनाच्या धुरातली वाफ थंड करून तिचं पाणी परत मिळवायची ती यंत्रणा होती, कारण इंधन जळत गेलं की जहाज हलकं होऊन वर जायला लागतं, मग वजन टिकवायला एकतर गॅस सोडायचा नाहीतर पाणी साठवायचं, आणि हीलियम इतका महाग की तो सोडणं परवडायचं नाही. मला हे पहिल्यांदा समजलं तेव्हा रात्रभर झोप आली नाही, इतकी सुंदर युक्ती आहे ती. ॲक्रन आणि मेकन बहिणी-बहिणी, दोघी ७८५ फूट, आपल्या बारा डब्यांच्या लोकलपेक्षा थोड्याशाच आखूड, आणि पोटात छोटी स्पॅरोहॉक विमानं घेऊन उडायच्या, हवेतच ती विमानं खाली सोडायची आणि परत आकड्याला अडकवून वर ओढायची. दोघींमध्ये फरक करायला फोटोची जागा आणि तारीख बघा.

आता वस्तू. आजींकडे बोटभर लांबीचा, भोकं पाडलेला हलका धातूचा तुकडा आहे आणि घरात सगळे म्हणतात की तो मेकनच्या अपघातातला. पण मेकन कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या पॉइंट सरपाशी समुद्रात पडलं आणि सुमारे दीड हजार फूट खोल पाण्यात गेलं, १९९० च्या सुमारास माँटेरे बेच्या संशोधन संस्थेने आणि नौदलाने पाणबुडी पाठवेपर्यंत तळाशी पडलेला त्याचा सांगाडा कुणी बघितलासुद्धा नव्हता, मग तुकडा घरी कसा येणार? मी हे लगेच बोलून दाखवलं नाही. आधी विचारलं की वडील मूळचे कुठले, तर ओहायोचे. मग त्यांच्या आत्याचं एक पत्र निघालं, सप्टेंबर १९२५ चं, त्यात ती लिहिते की सगळे शेतात पडलेलं जहाज बघायला गेलो आणि लोक मिळेल ते उचलून नेत होते. ३ सप्टेंबर १९२५ ला शेनान्डोआ ओहायोतल्या नोबल काउंटीत वादळात तुटलं, ४३ पैकी १४ जण गेले आणि गर्दीने खरंच कापड, धातू, मिळेल ते नेलं. तुकडा बहुतेक तिथला. नक्की म्हणता येणार नाही, म्हणून आम्ही डबीवर "बहुतेक" असंच लिहिलंय, आणि तुम्हीही हा शब्द वापरायला लाजू नका.

असा ड्युराल्युमिनचा, म्हणजे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा तुकडा घासून चकचकीत करू नका, पांढरी भुकटी दिसत असेल तर कोरड्या जागी ठेवा एवढंच. कापडाचा तुकडा असेल तर त्यावर डोप, म्हणजे कापड ताठ करणारा लेप लावलेला असतो, ते ठिसूळ होतं, घडी घालू नका, लॅमिनेशन तर चुकूनही नको. ॲसिड-फ्री कागदात सपाट, उन्हापासून लांब. फोटोच्या मागे बॉलपेनने लिहू नका, मऊ पेन्सिल चालेल. आणि जुन्या निगेटिव्ह चिकट झाल्या असतील, उग्र वास येत असेल तर त्या नायट्रेटच्या असू शकतात आणि नायट्रेट फिल्म भयंकर पेट घेते, ती पोटमाळ्यावर किंवा हीटरजवळ ठेवू नका, जाणकाराला दाखवा.

माणूस नौदलात होता असं घरी सांगत असतील तर सर्व्हिस रेकॉर्ड मागवा. अमेरिकेत ते सेंट लुइसच्या नॅशनल पर्सोनेल रेकॉर्ड्स सेंटरमधून मिळतात, आणि नोकरी सुटून ६२ वर्षं झाली असतील तर कुणालाही मागता येतात, वारस असण्याची अट नाही. लोक घाबरवतात की १९७३ च्या आगीत सगळं जळलं, पण ती झळ आर्मी आणि एअर फोर्सच्या कागदांना लागली, नौदलाचे कागद वाचले. जुनी वर्तमानपत्रं लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या साइटवर फुकट आहेत, गावाचं नाव आणि तारीख टाकून बसा. ओहायोतल्या ॲक्रन शहराच्या युनिव्हर्सिटीच्या आर्काइव्हमध्ये एअरशिपवाल्यांचे कागद खूप आहेत. मॉफेट फील्डला छोटं म्युझियम आहे, तिथले लोक जीव लावून बोलतात, जाताना घरातला फोटो सोबत न्या पण मूळ नको, प्रत.

आता सगळ्यात अवघड भाग, आठवण आणि कागद जुळले नाहीत तर काय करायचं.

आजोबा म्हणायचे "विमान आलं होतं". ते आलंच नव्हतं. इंग्रजांचं आर१०१ नावाचं एअरशिप इंग्लंडमधल्या कार्डिंग्टनहून ४ ऑक्टोबर १९३० च्या संध्याकाळी कराचीला यायला निघालं, मध्ये इजिप्तमध्ये इस्मायलियाला थांबायचं होतं, पण दुसऱ्या दिवशी पहाटे फ्रान्समध्ये बोव्हेजवळ पडलं, हायड्रोजनने पेट घेतला आणि ५४ पैकी ४८ जण गेले, हवाईमंत्री लॉर्ड थॉमसनसुद्धा. कराचीचा मास्ट, म्हणजे एअरशिप बांधायचा मनोरा, आणि ते छप्पर एअरशिपची वाट बघत राहिले, तिथे एकही कधी आलं नाही. छप्पर पुढे १९६० च्या दशकात पाडलं. हे मी वाचलं तेव्हा आजोबा जाऊन दहा वर्षं झाली होती, आणि खरं सांगते, माझ्या पोटात खड्डा पडला. आईला सांगू की नको असं झालं.

मग मी कॅसेट परत ऐकली, या वेळी फक्त त्यांनी काय बघितलं तेवढंच लिहून काढत. छप्पर किती उंच होतं ते आहे. सायकलवरून मोठ्या भावाबरोबर गेले ते आहे. मास्तरांनी फळ्यावर चित्र काढून दाखवलं ते आहे, गावात सगळे म्हणत होते की येणार येणार. विमान उतरलं कसं, बांधलं कसं, माणसं कोण उतरली, यातलं एक वाक्यही नाही. म्हणजे अकरा वर्षांच्या मुलाने वाट बघितली होती, इतकी मनापासून की सत्तर वर्षांचा होईपर्यंत ते येऊन गेलं होतं. मला ही आठवण आता आधीपेक्षा जास्त मोलाची वाटते. तर पद्धत ही: कागदाचे दोन रकाने करा, एकात सांगणाऱ्याने डोळ्यांनी बघितलेलं, कानांनी ऐकलेलं, हातांनी धरलेलं, दुसऱ्यात त्याने सांगितलेला अर्थ. चुका जवळजवळ नेहमी दुसऱ्या रकान्यात निघतात. पहिला रकाना खोडू नका.

आजींच्या वडिलांचंही हेच झालं. ते सांगायचे की मेकन बुडालं तेव्हा आम्ही बघत होतो, पण पॉइंट सर इथून सरळ रेषेत पाऊणशे मैलांच्या आसपास, ते कसे बघणार. पहिल्या रकान्यात काय आलं तर मैदानावरचे दिवे, हातमोजे ओले, कॉफी, आणि कुणीतरी येऊन सांगितलं की जॅकेटं होती, बहुतेक सगळे वाचले. हे जॅकेटचं वाक्य फार महत्त्वाचं आहे. १९३३ च्या एप्रिलमध्ये ॲक्रन समुद्रात पडलं तेव्हा लाइफ जॅकेटं नव्हती आणि ७६ पैकी ७३ जण गेले, ॲडमिरल मॉफेट त्यातच. वाचलेल्या तिघांपैकी एक वायली, तेच पुढे मेकनचे कप्तान, आणि मेकनवर जॅकेटं आणि रबरी होड्या होत्या, ८३ पैकी फक्त दोघं गेले. ज्याने दोर धरून त्या माणसांना निरोप दिला होता त्याला बाकी सगळं विसरून जॅकेट लक्षात राहणारच ना.

घरच्यांना हे सांगताना "आजोबा चुकले" असं म्हणू नका. मी आईला कॅसेट लावून दिली, आर१०१ ची तारीख सांगितली आणि गप्प बसले. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली की दादा (ती आजोबांना दादा म्हणायची) पाच ऑक्टोबरला कधी कधी उगीच गप्प असायचे का गं, मला आठवत नाही पण आता वाटतंय. तेही मी लिहून ठेवलंय, दुसऱ्या रकान्यात, आईच्या नावाने, त्या दिवसाची तारीख घालून.

कागदांची फाइल एकच ठेवा, आवाजाच्या रेकॉर्डिंगच्या मात्र तीन प्रती, त्यातली एक दुसऱ्या घरात. माझी एक पुण्याला मामेबहिणीकडे आहे. आजींच्या मुलीला मी त्यांच्या वडिलांच्या रेकॉर्डचा फॉर्म भरून दिलाय, सही झाली की सोमवारी पोस्टात टाकायचाय.