‘रिगार्डेड ॲज’ नेमकं कुठे लिहायचं?

नागपूरबद्दल इंग्रजीत चार ओळी लिहायच्या म्हटलं की ‘नोन ॲज’ आणि ‘रिगार्डेड ॲज’ यांची हमखास गल्लत होते. नाव पडलंय, तिथे पहिलं: नागपूर इज नोन ॲज द ऑरेंज सिटी. लोक तसं मानतात, तिथे दुसरं, जसं नागपुरातल्या ‘झीरो माइल’ या दगडी खांबाबद्दल: झीरो माइल इज पॉप्युलरली रिगार्डेड ॲज द सेंटर ऑफ इंडिया. इथे नुसतं ‘इज’ ठोकलंत, तर दावा तुमच्या गळ्यात. आणि आजच्या भारताचा भौगोलिक मध्य काही त्या खांबापाशी येत नाही. ‘कन्सिडर्ड’ घेतलंत तर मागचा ‘ॲज’ गाळा. स्पर्धा परीक्षेत चूक ओळखायला ‘कन्सिडर्ड ॲज’ची अशी वाक्यं देतात. हां, अर्जात ‘विथ रिगार्ड टू’च लिहा, ‘विथ रिगार्ड्स टू’ नको; शुभेच्छांचं ‘रिगार्ड्स’ पत्राच्या शेवटी.