सौरवीज वाढवताना नियोजनातल्या या चुका टाळा

सोलापूरला उन्हाची कमी नाही, आणि नियोजनातली सगळ्यात मोठी चूक या भरवशावरच होते. फताटेवाडीचं एनटीपीसीचं औष्णिक केंद्र १,३२० मेगावॅटचं. तेवढ्याच मेगावॅटचे सौर पॅनेल बसवले की भागलं, असं धरलं जातं. भागत नाही. सौर प्रकल्प वर्षभरात क्षमतेच्या साधारण १९ टक्के वीज देतो, म्हणजे एका मेगावॅटमागे १६ ते १७ लाख युनिट. औष्णिक संच ७५ टक्क्यांनी चालला, तर तेच ६५ लाख. नुसत्या युनिटांसाठीच चौपट पॅनेल लागतात.

आणि चौपट लावूनही संध्याकाळचा प्रश्न तसाच राहतो. गड्ड्याच्या यात्रेचे दिवस घ्या. जानेवारी, संध्याकाळचे सात, घरोघरी दिवे, यंत्रमाग चालू. त्या तासाला सौरवीज शून्य. पवनचक्क्यांचा जोर पावसाळ्यात, म्हणून जानेवारीत त्यांच्यावरही विसंबता येत नाही. त्यामुळे वार्षिक सरासरी बाजूला ठेवा. वर्षाच्या ८,७६० तासांचा तक्ता मांडा, प्रत्येक तासाच्या मागणीतून सौर आणि पवन वजा करा, आणि उरलेला भार सर्वांत जास्त कधी असतो ते पाहा. क्षमता त्या तासाला पुरली पाहिजे.

दुपारी उलटं होतं. वीज जास्त झाली की औष्णिक संच खाली आणावे लागतात, पण ५५ टक्के ही किमान पातळी धरली तर फताटेवाडीचे दोन्ही संच मिळून ७२६ मेगावॅट सुरूच राहतात. एखादा संच पूर्ण बंद केला, तर तो संध्याकाळी हवा तेव्हा लगेच हाती येत नाही. म्हणूनच कृषिपंप दिवसा चालवणारी मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना मला फार मोलाची वाटते: दुपारच्या विजेला गिऱ्हाईक मिळतं आणि शेतकऱ्याला रात्री दारं धरायला जावं लागत नाही. मात्र फीडर, म्हणजे पंपांना वीज पुरवणाऱ्या वाहिन्या, दिवसावर वळवल्यानंतरही मागणीचा जुना, रात्रीचा आलेख तसाच वापरला, तर पुढचा सगळा हिशेब चुकतो.

बॅटरी घेताना नुसते मेगावॅट विचारू नका, किती तास ते विचारा. १०० मेगावॅटची बॅटरी दोन तास चालणार असेल, तर सहाला सुरू केलेली आठला संपते.

एप्रिल-मेचा अंदाज वेगळा काढा. पॅनेल ६५ अंशांपर्यंत तापलं, की २५ अंशांवरच्या नोंदीव क्षमतेपेक्षा १५ टक्क्यांच्या आसपास वीज कमी मिळते.