सायकलची चेन घरी मोजताय? या चुका टाळा

‘चेन चकचकीत आहे, म्हणजे चांगलीच असणार’ असं कुणी म्हटलं की मला राहवत नाही. चेन झिजली की लांबते, पण ती पोलाद ताणलं गेल्यामुळे नाही. आतल्या पिना आणि त्या जिथे फिरतात ती जागा झिजते, प्रत्येक सांध्यात केसभर ढील येते आणि शंभरएक सांध्यांची मिळून ती अंगावर येते. डोळ्यांना यातलं काही दिसत नाही. पट्टीच लावावी लागते.

हिशोब सोपा आहे. नव्या चेनच्या शेजारच्या दोन पिनांमध्ये अर्धा इंच, म्हणजे २४ अंतरांचे बरोबर १२ इंच. पंचविसावी पिन १२ च्या पुढे अर्धं सूत (१/१६ इंच) सरकली की झीज अर्धा टक्का झाली. ११-१२ स्पीडची (मागे तितकी दातेरी चक्रं असलेल्या सायकलची) चेन मी तिथेच बदलतो, ८ ते १० स्पीडची पाऊण सुताला. पूर्ण सूत गेलं असेल तर कॅसेटचे, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चक्रांच्या संचाचे, दातही बहुधा गेलेले असतात.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे लोंबत्या चेनवर टेप लावणं. हीच मी चार वर्षांपूर्वी केली. चेन ढिली, टेपचा पत्र्याचा हुक पिनेला टेकवलेला, आणि बारा इंच ‘बरोबर’ आले म्हणून मी निर्धास्त. पण हुक मुद्दाम थोडा हलता ठेवलेला असतो, त्यात मिलिमीटरभर इकडेतिकडे होतं, आणि इथे तर सगळा खेळच दीड मिलिमीटरचा. शिवाय ताण नसला की सांध्यांतली ढील लपून बसते. मी आणखी सहा महिने तीच चेन चालवली. मग नवी टाकली, कॅसेट मात्र जुनीच ठेवली. सिंहगडाच्या चढावर उभं राहून पेडल मारलं आणि चेन झिजलेल्या दातांवरून सटकली. गुडघा हँडलच्या खालच्या नळीवर आपटला, चार दिवस जिना चढवेना. नंतर कॅसेटही घ्यावी लागली, जिची किंमत चेनच्या दुपटीहून जास्त होती.

आता मी मागचा ब्रेक दाबून ठेवतो, पेडलवर हाताने जोर देतो आणि वरच्या ताणलेल्या भागावर मोजतो. दोन फुटी स्टीलची पट्टी घेतो, शून्याची झिजलेली कड सोडून १ इंचापासून १३ पर्यंत. पिनेचा मध्य अंदाजाने धरत नाही. दोन्ही टोकांना पिनेची डावी कड. उजेडात पट्टी चेनला चिकटवली की १३ च्या रेघेशेजारून डोकावणारी पिन स्वच्छ दिसते. एकट्याला हात कमी पडतात, तर घरातल्या कुणाला तरी ब्रेक धरायला बोलवा.

१२ इंची शाळेची पट्टी घेऊ नका, बारापुढचं तिच्यावर मोजता येत नाही.

मळलेली चेन मोजू नका. आधी पुसा.

एकाच जागी मोजून निकाल देऊ नका. मी तीन ठिकाणी बघतो, क्विक लिंक (चेन उघडता-जोडता येणारी कडी) टाळून, आणि सगळ्यात वाईट आकडा धरतो.

पुढच्या चक्रावरून चेन बोटाने ओढून ‘अर्धा दात दिसतोय’ म्हणणं हे मोजमाप नव्हे. फार झिजलेली चेन त्याने कळते, पण तोपर्यंत कॅसेट गेलेली असते. बाजारातला चेन चेकर (झीज मोजायचं साधन) चांगला, पण बरेचसे चेकर रोलरना, म्हणजे पिनांभोवती फिरणाऱ्या गोल नळ्यांना, ढकलून मोजतात, त्यामुळे रोलरची झीजही त्यात धरली जाते. तो ‘बदला’ म्हणाला तर मी पट्टीने एकदा खात्री करतो.